शेवटाकडून सुरुवातीकडे



प्रथम एक गणित. एक गृहस्थ अलिबागहून आंब्यांची करंडी घेऊन मुंबईला निघाले. रेवसच्या धक्क्यावर ओळखीचे एक कुटुंब भेटले. करंडीतले निम्मे आंबे त्यांनी त्या कुटुंबाला दिले आणि वर आणखी एक दिला. लाँचमधून भाऊच्या धक्क्यावर उतरले, तर चुलतभाऊ न्यायला आलेला. उरले होते त्यातले निम्मे आणि वर एक त्याला दिला. उमरखाडीच्या चाळीत जिन्यातच शेजारीणबाई उभ्या होत्या. त्यांनाही उरलेल्यातले निम्मे आणि वर एक. घरात करंडी उतरवली तेव्हा तिच्यात ३ आंबे राहिले होते. तर अलिबागहून निघताना किती आंबे होते?

आम्ही वर्गात हे उदाहरण घालत असू तेव्हा मुले अलिबागपासून सुरुवात करीत. ५० धरून पाहू, जमले नाही. ४० धरून पाहू, तेही जमले नाही. हुशार मुले क्ष धरून समीकरण मांडीत आणि दुसऱ्या धक्क्यापाशी कंस सोडवताना अडकत. खरे तर अलिबागला किती आंबे होते हेच आपल्याला ठाऊक नाही. ठाऊक आहे ते उमरखाडीतले. मग तिथूनच मागे निघावे. ३ उरले. शेजारीणबाईंना वर दिलेला एक त्यात मिळवला की ४ होतात. हे निम्मे झाले, म्हणजे त्या भेटण्यापूर्वी ८ होते. चुलतभावाचा एक मिळवून ९, त्याची दुप्पट १८. रेवसचा एक मिळवून १९, त्याची दुप्पट ३८. झाले उत्तर. वाटल्यास ३८ घेऊन पुन्हा अलिबागहून निघावे आणि ताळा करून पाहावा.

यात एकच जागा निसरडी आहे. काही मुले ३ ची आधी दुप्पट करून मग एक मिळवीत आणि उत्तर चुकत असे. देताना आधी निम्मे दिले आणि मग वरचा एक दिला, तेव्हा परत येताना आधी तो एक घ्यायचा आणि मग दुप्पट करायची. पायात आधी मोजा चढतो, मग बूट. काढताना आधी बूट निघतो. उलट चालायचे म्हणजे प्रत्येक क्रिया उलटी करायची आणि क्रियांचा क्रमही उलटा करायचा. यातला दुसरा भाग मुलांच्या लक्षात राहावा म्हणून बुटाचा दाखला द्यावा लागे.

ही रीत काही आमची नव्हे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त ती विलोमविधी म्हणून दिली आहे. शेवटचा आकडा दिला आणि सुरुवातीचा विचारला, तर गुणाकाराच्या जागी भागाकार करावा, भागाकाराच्या जागी गुणाकार, वर्गाच्या जागी वर्गमूळ, बेरजेच्या जागी वजाबाकी. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. म्हणजे आपल्यापैकी जे मराठी शाळेत गणित शिकले, त्यांना ही रीत घरचीच म्हणायची.

भास्कराचार्यांनी एक बारीक इशाराही दिला आहे, आणि तो इथे इस्रायलमध्ये रोज उपयोगी पडणारा आहे. एखाद्या संख्येत तिचाच एक भाग मिळवला असेल, तर उलट येताना तोच भाग वजा करून चालत नाही. ८४ मध्ये त्यांचा पाऊण भाग, म्हणजे ६३, मिळवले की १४७ होतात. आता १४७ मधून पाऊण भाग वजा करून पाहा, ८४ येणार नाहीत. कारण ६३ हे ८४ चे पाऊण आहेत, पण १४७ चे तीन सप्तमांश आहेत. २०२५ च्या जानेवारीपासून इथला मआम १८ टक्के झाला. दुकानात एक भांडे ११८ शेकेलला मिळाले, तर त्यात मआम किती? पुष्कळ लोक ११८ चे १८ टक्के काढतात आणि २१ शेकेलच्या वर नेऊन ठेवतात. खरा मआम १८ शेकेल, कारण तो मूळच्या १०० वर लावलेला आहे. ११८ ला १.१८ ने भागावे म्हणजे मूळ किंमत मिळते.

आता आकडे बाजूला ठेवू आणि स्वयंपाकघरात जाऊ. रोश हशानाचा हलवा आपल्या आयांनी गव्हाच्या चिकाचा केला. (हल्ली कॉर्नफ्लॉवरचा आणि चायना ग्रासचा करतात. तो लवकर होतो. चवीविषयी आम्ही बोलत नाही.) समजा सणाची संध्याकाळ सोमवारी आली. हलवा थापून, गार होऊन वड्या पडायला हव्यात, तेव्हा तो रविवारी घोटायचा. रविवारी सकाळी चीक तयार हवा. वाटून गाळलेला चीक रात्रभर बसू द्यावा लागतो, म्हणजे गहू वाटायचे शनिवारी. पण शनिवारी शब्बाथ! तेव्हा वाटण शुक्रवारी सकाळी उरकून, चीक खाली बसला की वरचे पाणी दिवे लावण्यापूर्वी ओतून, तो थंड जागी ठेवायचा. गहू तीन दिवस भिजायला हवेत, रोज पाणी बदलून. म्हणजे ते मंगळवारी सकाळी भिजत घालायचे. जी सूनबाई मंगळवारी “सणाला अजून आठवडा आहे” म्हणून स्वस्थ बसली, तिला शुक्रवारी दुपारी कळणार की वाट बंद झाली आहे. सासूबाईंनी कधी कागदावर हिशेब मांडला नाही, पण त्या वड्यांपासून मागे मोजत गव्हापर्यंत येत होत्या. ज्या कामाची शेवटची घटका ठरलेली आहे, त्याला ही एकच रीत लागू पडते. दर शुक्रवारी आपण ‘लेखा दोदी’ गातो. सोळाव्या शतकात सफेद गावच्या श्लोमो अल्कबेत्स यांनी ते रचले. शब्बाथ सृष्टीच्या कामात सर्वांच्या शेवटी आला, तरी योजनेत तो आधीपासून होता, हा विचार त्यात आला आहे. त्याचा अर्थ विद्वान लोक फार खोल लावतात. आम्हांला तो स्वयंपाकघरातही पटतो.

पण उलट चालण्याला एक धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. आंब्यांच्या गणितात मागे जाण्याची वाट एकच होती. सगळीकडे तशी नसते. अंगात ताप आहे एवढ्यावरून मागे जाऊ लागलो तर दहा आजारांच्या दारांत जाऊन उभे राहू. अशा वेळी आपल्याला आवडेल ते दार ठोठावण्याचा मोह होतो.

याचे उदाहरण आपल्या समाजाच्या इतिहासातच आहे. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर केव्हा आले? गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही कथा आपण सर्वांनी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकली. पण तिच्यात साल नाही. मग जाणत्यांनी उलट विचार केला. आपल्याकडे शब्बाथ होता. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून तर शेजारी आपल्याला शनवार तेली म्हणत. सुंता होती, शमा होती, खाण्यापिण्याचे नियम होते. पण जुन्या काळी हनुक्का नव्हता. हनुक्का हा सण मक्काबींनी येरुशलेमचे मंदिर पुन्हा शुद्ध केले तेव्हाचा, म्हणजे इ.स.पूर्व १६४ च्या सुमाराचा. जो सण लोकांना ठाऊकच नाही, तो सुरू होण्यापूर्वी ते देश सोडून निघाले असले पाहिजेत. हायम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या इतिहासात आगमनाचा काळ इ.स.पूर्व १७५ च्या सुमाराचा धरला आहे, तो या विचाराशी जुळतो.

युक्तिवाद सुंदर आहे. जे आहे त्याच्याइतकेच जे नाही त्याकडेही त्यात लक्ष दिलेले आहे. तरी पण तो आंब्यांच्या गणितासारखा पक्का नाही. आपलीच कथा सांगते की पोथ्या समुद्रात गेल्या. ज्यांच्या हातात ग्रंथ उरला नाही, ते एखादा सण शे-दोनशे वर्षांत विसरूही शकतात. हनुक्का कधी माहीतच नव्हता, की माहीत होता आणि विसरला गेला? दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन पोचतात, आणि त्या ठिकाणावरून मागे पाहणाऱ्याला कोणत्या वाटेने आलो हे ओळखता येत नाही. म्हणून आम्ही नातवंडांना सांगताना “असे मानले जाते” एवढे म्हणतो.

जे समोर नाही त्यावरून अनुमान काढण्याचे एक पक्के उदाहरण मात्र दुसऱ्या महायुद्धातले आहे, आणि ते एका यहुदी गणितज्ञाचे आहे. अब्राहम वाल्ड यांचा जन्म १९०२ साली तेव्हाच्या हंगेरीतल्या कोलोझ्वार गावी झाला. आज ते गाव रुमानियात आहे आणि त्याला क्लूज म्हणतात. घर सनातनी. शाळा शनिवारीही भरे, म्हणून मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवले. पुढे व्हिएन्नाला त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली. १९३८ साली नाझी ऑस्ट्रियात शिरले आणि वाल्ड अमेरिकेला गेले. मागे राहिलेल्या घरच्यांपैकी बहुतेक जण हत्याकांडात गेले.

युद्धकाळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात संख्याशास्त्रज्ञांचा एक गट लष्करासाठी काम करीत होता. त्यात वाल्ड होते. त्यांच्यापुढे प्रश्न आला तो असा. युरोपवर बॉम्ब टाकायला गेलेली विमाने गोळ्या खाऊन परत येत. त्यांना पोलादी पत्रे लावून मजबूत करायचे होते. सगळीकडे पत्रा लावला तर विमान जड होऊन उडणार नाही. तेव्हा नेमका कुठे लावावा? परत आलेल्या विमानांवरची भोके मोजली, तर ती पंखांवर आणि धडावर पुष्कळ होती, इंजिनाजवळ थोडी होती. साधा विचार असा की जिथे गोळ्या जास्त लागतात तिथे पत्रा लावावा.

वाल्ड यांचे म्हणणे याच्या उलट होते. हवेत गोळी मारणारा काही इंजिन चुकवून मारत नाही. गोळ्या सगळीकडेच लागणार. मग इंजिनाजवळची भोके गेली कुठे? ती आहेत परत न आलेल्या विमानांवर. पंखाला वीस भोके पडूनही विमान धावपट्टीवर उतरले आहे, म्हणजे तिथे मार लागला तरी निभावते. इंजिनाला लागले की विमान परत येत नाही आणि मोजणाऱ्याला ते दिसत नाही. तेव्हा पत्रा लावायचा तो जिथे भोके कमी दिसतात तिथे. ही गोष्ट सांगता सांगता थोडी रंगली आहे, पण वाल्ड यांनी १९४३ साली लिहिलेली टिपणे आहेत, आणि परत आलेल्या विमानांवरून न आलेल्यांची हकीकत कशी काढावी याचे गणित त्यांत रीतसर मांडलेले आहे.

वाल्ड यांचा शेवट आपल्या जुन्या देशात झाला. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते व्याख्यानांसाठी आले असताना, डिसेंबर १९५० मध्ये त्यांचे विमान निलगिरीच्या डोंगरात कोसळले. पत्नीही बरोबर होत्या. वय अठ्ठेचाळीस.

आता आपल्या वयाच्या लोकांचा एक प्रश्न घेऊ. घरात पडू नये म्हणून काय करावे, असे विचारले की सगळे म्हणतात “जपून चालावे”. हे उत्तर कोणाच्याही उपयोगाचे नाही. प्रश्न उलटा करून पाहा: आज रात्री घरात नक्की पडायचे आहे, तर काय काय करावे? आता यादी भराभर सुचते. मागून उघड्या सपाता घालाव्यात. न्हाणीघराच्या दारात ओले फडके टाकावे. सतरंजीचे टोक दुमडलेले ठेवावे. दिव्याचे बटण पलंगापासून लांब असावे आणि ते शोधत अंधारात जावे. झोपेतून उठल्याबरोबर ताडकन उभे राहावे, म्हणजे रक्तदाब खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी येईल. फोन वाजला की धावावे. वरच्या फळीवरचा डबा स्टुलावर चढून काढावा, आणि घरात दुसरे कोणी नसतानाच काढावा. ही यादी हातात घेऊन एकदा घरातून फिरून यावे. “जपून चालावे” म्हटल्याने जे दिसत नव्हते ते आता खोलीखोलीत दिसेल, आणि त्यातले बरेचसे एका दुपारीत बदलता येईल.

हाच प्रयोग आम्ही दुसऱ्या एका विषयावर करून पाहावा असे सुचवतो. मराठी टिकवण्यासाठी काय करावे, यावर आपल्याकडे भाषणे खूप झाली. उलटा प्रश्न असा: आपल्या घरातली मराठी आपल्याबरोबरच संपावी अशी इच्छा असेल, तर काय करावे?

नातवंड दारात आले की आपण चटकन हिब्रूवर जावे. ते चुकून मराठीत बोललेच, आणि “मी भूक लागली” म्हणाले, तर सगळ्यांनी मिळून हसावे आणि ते वाक्य पाहुण्यांना पुन्हा म्हणून दाखवायला लावावे. मराठी राखून ठेवावी ती मुलांना कळू नये अशा गोष्टींसाठी, रागावण्यासाठी आणि दुखण्या-खुपण्यासाठी. म्हणजे ही भाषा भांडणाची आणि औषधांची आहे असे त्यांच्या मनात पक्के बसेल. जुन्या फोटोंच्या मागे नावे लिहू नयेत. आंबटतिखट मासे कसे करता, असे सुनेने विचारले तर “अंदाजाने” एवढेच सांगावे. आजीच्या तोंडची कीर्तने आणि लग्नातली गाणी ध्वनिमुद्रित करायचे काम पुढच्या हिवाळ्यावर टाकावे. मुलांना मराठी ऐकवायला म्हणून दोन तासांच्या सभेला न्यावे आणि मागच्या रांगेत बसवावे. हे मासिक आले की वाचून घडी करून कपाटात ठेवावे.

यादी वाचून ज्याने त्याने आपल्या घरापुरत्या खुणा कराव्यात. आमच्या मते यातल्या दोन-तीन ओळी जरी खोडता आल्या, तरी एका घराला खूप झाले. आणि त्यांत पहिली खोडावी ती हसण्याची. आम्ही इतकी वर्षे वर्गात उभे राहिलो. मुलाला चुकल्याबद्दल ओरडले तर ते पुन्हा बोलते, पण चारचौघांत हसले तर बहुधा पुन्हा तोंड उघडत नाही.

वाल्ड यांची रीतही इथे लागू पडते. मोआदोनमधला कार्यक्रम संपला की जमलेल्यांना विचारले जाते, कसा झाला? ते म्हणतात छान झाला. म्हणणारच, ते आले आहेत! परत आलेली विमाने आहेत ती. जे आले नाहीत त्यांची भोके कोण मोजणार? तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणाऱ्या बाई, डोळ्यांमुळे रात्री गाडी चालवणे सोडलेले गृहस्थ, कानाला नीट ऐकू येत नाही म्हणून गर्दीत बसायला संकोचणारे कोणी. कार्यक्रम संध्याकाळी सातऐवजी सकाळी दहाला ठेवावा, हे यांच्यापैकी कोणीतरी सांगेल. आलेल्यांपैकी कोणी सांगणार नाही. चालकांनी जुनी यादी काढावी, आलेल्यांच्या नावांवर रेघ मारावी आणि राहिलेल्यांना फोन करावेत. फोन मराठीत करावेत. नातवंडांची नावेही त्या यादीत धरावीत आणि ती का येत नाहीत हे त्यांच्या आईबापांना न विचारता त्यांनाच विचारावे.

शेवटी नातवंडांसाठी एक गणित देतो. हनुक्काच्या दिवसांत सेव्हिवोन फिरवताना घालायला बरे आहे. वाचून दाखवू नये, तोंडी मराठीत सांगावे आणि समोर खरेच अक्रोड मांडावेत. तीन भावंडे खेळायला बसली. नियम असा की जो हरेल त्याने बाकी दोघांचे अक्रोड आपल्या जवळच्यांतून दुप्पट करून द्यायचे. पहिल्या डावात दादा हरला, दुसऱ्यात ताई हरली, तिसऱ्यात धाकटा हरला. खेळ संपला तेव्हा प्रत्येकाजवळ २४ अक्रोड होते. सुरुवातीला कोणाजवळ किती होते?

मूल सुरुवातीपासून शोधू लागले तर थोडा वेळ शोधू द्यावे. मग एवढेच विचारावे की शेवटचा डाव सुरू होण्यापूर्वी दादाजवळ किती होते? एकूण अक्रोड ७२ आहेत आणि ते शेवटपर्यंत ७२ च राहतात, हे बहुतेक मुलांच्या आपणहून लक्षात येते. आजी-आजोबांच्या सोयीसाठी उत्तर इथेच देऊन ठेवतो: दादाजवळ ३९, ताईजवळ २१, धाकट्याजवळ १२.